फाइलचं नाव सोडा, लांबी बघा

घरच्या कॉम्प्युटरवर जुनं गाणं शोधायला बसलात तर गायकाचं नाव टाईप करून सुरुवात करू नका. त्या फाइलीत सगळ्यात बेभरवशाचं काही असेल तर ते तिचं नाव. आमच्याकडे नुसत्या 'ट्रॅक ०१' नावाच्या फायलींना गणती नाही. साध्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं बहुधा लिहिलेलीच नसतात, ती इंटरनेटवरून आणावी लागतात. सीडी उतरवताना नेट नसलं की प्रोग्रॅम फक्त क्रमांक टाकतो, आणि पुढच्या सीडीला पुन्हा 'ट्रॅक ०१' पासून सुरुवात.

माझे सासरे, अप्पा, मिरजेचे. तरुणपणापासून ते गाणं ऐकत आले आणि जिथं परवानगी मिळाली तिथं टेप करत आले. दर्ग्यातली संगीतसभा, गणेशोत्सवातल्या बैठका, रात्री रेडिओवरून घेतलेलं गाणं. पुढं भाऊजींनी त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवल्या. मग कॉम्प्युटर बदलले, बॅकअपचे बॅकअप झाले, फोल्डरच्या पोटात फोल्डर गेले. यंदा जुनी हार्डडिस्क आवाज करायला लागली तेव्हा मी ठरवलं, सगळं एका जागी आणायचं. कारण अप्पांना ऐकू नीट येतंय आणि आठवतंयही नीट, आणि हे काम त्यांच्याशिवाय होणारं नव्हतं.

पहिलं पाऊल सोपं आहे. 'धिस पीसी' उघडायचं आणि शोधाच्या चौकटीत तारांकन, टिंब आणि एमपी३ टाकायचं. ते झालं की त्याच पद्धतीनं ध्वनिफायलींचे बाकीचे प्रकार, डब्ल्यूएव्ही, डब्ल्यूएमए, एम४ए, फ्लॅक. विंडोज आपली सूची मुख्यतः स्वतःच्या ठरलेल्या फोल्डरांची ठेवतं, त्यामुळे डी आणि ई ड्राइव्हवर शोध रेंगाळतो. मी 'एव्हरीथिंग' नावाचा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम वापरला. तो डिस्कवरचा फायलींचा मूळ तक्ताच वाचतो, म्हणून टाईप करेपर्यंत यादी समोर येते. लपवलेले फोल्डर दिसतील अशी सोय मात्र आधी करून घ्या. भाऊजींच्या जुन्या आयपॉडची नक्कल अशाच एका लपलेल्या फोल्डरात होती. आयपॉड गाणी चार-चार अक्षरांच्या निरर्थक नावांनी ठेवतो, पण फाइलीच्या आत साठवलेली माहिती तशीच राहते. नाव हरवलेलं असलं तरी गायक आत सापडतो.

आता खरी गंमत. सगळ्या फायली एका यादीत आल्या की त्या लांबीनुसार लावा. एक्सप्लोररमध्ये तो रकाना जोडता येतो. लांबी पाहिली की ध्वनिमुद्रण कुठून आलं हे बऱ्याचदा कळतं. तीन-साडेतीन मिनिटं म्हणजे ७८ फेऱ्यांची तबकडी. १९३७ साली गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं जे गाणं आज आपण ऐकतो, ते बहुतेक त्या तीन-साडेतीन मिनिटांतलं. वीस-बावीस मिनिटं ही एलपीची, म्हणजे नंतरच्या मोठ्या तबकडीची, एक बाजू. तीस-एकतीसवर संपलं तर साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू, पंचेचाळीसच्या आसपास असेल तर नव्वदवाली. आणि तान अर्ध्यावर तुटली असेल तर नक्कीच कॅसेट. मग तिची दुसरी बाजू त्याच फोल्डरात कुठंतरी असणार, ती शोधायची. लांबी दिसत नसेल तर आकारावरून अंदाज येतो. १२८ केबीपीएसची एमपी३ मिनिटाला साधारण एक एमबी घेते, सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही दहा एमबी. याच रांगेत दुबार फायलीही शेजारी शेजारी येतात, नावं कितीही वेगळी असोत.

तीन मिनिटांच्या फायली शेवटचे दहा सेकंद लावून बघाव्यात. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांवर गाणारे शेवटी आपलं नाव मोठ्यानं सांगत. गौहर जान यांची १९०२ पासूनची ध्वनिमुद्रणं त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. रेडिओवरून घेतलेल्या टेपमध्ये निवेदिकेचं एखादं वाक्य राहून गेलेलं असतं, ते तर सोनंच.

एवढं करूनही बरंच काही अनाम उरतं. तिथं अप्पा. रोज संध्याकाळी चहा झाला की मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या पलंगाशेजारी बसते. एका फाइलीवर भाऊजींनी रागाचं नाव 'भूप' लिहिलं होतं.

"अगं, हा भूप नव्हे, देसकार," अप्पा लगेच म्हणाले.

"अप्पा, सूर तर तेच लागतायत ना?"

"सूर तेच. पण थांबतोय कुठं ते ऐक. भूपात गंधारावर येऊन बसला असता, हा सारखा धैवताकडं जातोय. सकाळच्या सभेतलं आहे हे. तारीख कॅसेटच्या खोक्यावर असेल बघ."

खोक्यावर तारीख होती, खाली 'सकाळ' असंही लिहिलेलं होतं. सूर मोजून हे उत्तर मिळालं नसतं. दोन्ही रागांचे स्वर सारखेच, फरक सगळा चालीत आहे.

मिळालेली माहिती कुठं लिहायची, हा पुढचा प्रश्न. एमपी३च्या आतले रकाने गाणं, गायक, अल्बम अशा हिशोबानं केलेले आहेत. राग, ताल, बैठक कुठं झाली याला ठरलेली जागा नाही. जुन्या, १९९६ सालच्या पद्धतीत तर या प्रत्येक रकान्याला ३० अक्षरंच मिळत. रोमन लिपीत मल्लिकार्जुन मन्सूर यांचं नाव 'पंडित' लावून लिहिलं की पंचवीस जातात, रागाला उरतात पाच! म्हणून मी 'एमपी३टॅग' या प्रोग्रॅमनं राग शीर्षकात घालते आणि ताल, साथीदार, ठिकाण, मूळ कॅसेटचा क्रमांक हे सगळं शेऱ्याच्या रकान्यात मराठीतच लिहिते. फाइलीचं नाव मात्र रोमन लिपीत ठेवते, कारण गाडीतल्या प्लेअरवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात. रागाचं स्पेलिंग एकदा ठरवून तेच सगळीकडं वापरते, नाहीतर भूप चार ठिकाणी चार रूपांत पडून राहतो. अप्पांना खात्री नसेल तिथं शेऱ्यात 'बहुधा' लिहिते. तो शब्द पुढं कुणी जाणकार आला तर खोडता येईल.

साथीदारांची नावं मला सगळ्यात मोलाची वाटतात. गायकाचं नाव कुठं ना कुठं छापलेलं असतं. गावातल्या बैठकीला पेटीवर कोण बसलं होतं, हे त्या दिवशी तिथं असलेल्या माणसालाच ठाऊक असतं.

मूळ डब्ल्यूएव्ही फायली मी पुसलेल्या नाहीत. त्यांची एक प्रत नव्या डिस्कवर आहे, दुसरी सांगलीला नणंदेच्या कपाटात. सध्या एकतीस मिनिटांच्या रांगेत आहोत. पंचेचाळीसची रांग अजून उघडायची आहे, आणि अप्पा म्हणतात दर्ग्यातलं बरंचसं तिथंच असणार.