तेरावी सही

स्वार्थ की त्याग, या प्रश्नावरच्या बहुतेक कथा एकाच जागी आपटतात. नायक 'सर्वस्व' देऊन टाकतो; पण सर्वस्व म्हणजे नेमकं किती आणि कोणाच्या खिशातून, याचा हिशोब कुठेच नसतो.

ठाण्यात, नौपाड्यातली २४ सभासदांची एक गळकी, बिनलिफ्टची सोसायटी घ्या. पुनर्विकासाचा ठराव आलाय. 'एकटा म्हातारा अडून बसला आणि सगळ्यांची घरं लटकली' हे कथानक आता चालत नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयापासून एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते, म्हणजे इथे १३. बाकीचे २३ तयार असतील तर म्हाताऱ्याच्या नकाराला वजन नाही, आणि मग होकारालाही नाही. म्हणून १२ सह्या आधी उरकून घ्या, तेरावी त्याच्या हातात ठेवा.

त्याला लोभी करू नका, गोष्ट पहिल्याच पानावर मरते. त्याला आत्ताचा तळमजलाच हवाय, कारण गुडघे गेलेत. नव्या टॉवरचा मेंटेनन्स पेन्शनमध्ये बसणारा नाही: लिफ्ट, पंप, वॉचमन, सगळं दर महिन्याच्या बिलात. रास्त आहे. आणि तिसऱ्या मजल्यावर स्लॅबचं प्लॅस्टर झोपलेल्या पोरांच्या अंगावर पडतंय, तेही रास्तच.

तो सही करतो. इथे लेखक टाळ्या वाजवून मोकळे होतात, आणि नेमकं इथेच खरं काम सुरू होतं. त्याची विधवा सून त्याच तळमजल्याच्या खिडकीतून पोळी-भाजी विकते. फ्लॅट सासऱ्याच्या नावावर, ती सभासद नाही, तिला मत नाही. बिल्डर भाडं देईल; रस्त्यावरची खिडकी देणार नाही. मग त्याग केला कोणी? पुरूने बापाला तारुण्य दिलं म्हणून आपण पुरूचे गोडवे गातो. गिरीश कार्नाडांनी १९६१ च्या 'ययाती'त पुरूची बायको चित्रलेखा उभी केली, तेव्हा त्या दानाचा चटका कोणाला बसतो ते दिसलं. तुमच्या कथेतही ही न विचारलेली व्यक्ती शोधा.

एक पुतण्या हमखास येतो, 'सगळे स्वार्थीच असतात' म्हणणारा.

"काका, तुम्हाला नाव हवंय."

"नाव काय, गेटवर कोरणारेत?"

इथेच थांबा. पुतण्याचा युक्तिवाद भाषणाने हरत नाही. कुठलंही चांगलं काम तो 'समाधान मिळतं ना' म्हणून गिळून टाकतो. उलट त्याला थोडं खरं ठरू द्या: सहीनंतर काका सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप दोनदा उघडून बघतात.

सभेत फार वेळ घालवू नका. तिथे निबंधक कार्यालयाचा अधिकारी असतो, व्हिडिओ शूटिंग चालू असतं, आणि कॅमेऱ्यासमोर सगळेच उदार होतात. सून आणि सासऱ्याचं बोलणं जिन्यात घ्या, तेही सहीच्या आधी. नंतर घेतलंत तर काका नुसती सफाई देत बसतील.