मोडीतून पेटीकडे: आमची वाटचाल

लातूरच्या गंजगोलाईत आमच्या घरचं भांड्यांचं दुकान होतं. नवं भांडं घ्यायला येणारं गिऱ्हाईक जुनं मोडीत घालायचं. सासरे तांबं वेगळं, पितळ वेगळं असं तोलून वजनाचे पैसे वळते करायचे, आणि पोती भरली की माल वितळवायला जायचा. त्या पोत्यांत घागरी-परातींबरोबर पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, दागिन्यांच्या नक्षीदार डब्याही असायच्या. १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या घरांची लोकांनी धास्तीच घेतली. त्यानंतर माळवदं उतरवून स्लॅब टाकायची घाई सुरू झाली. वाडा उतरला की माळ्यावरचं सगळंच बाहेर येतं, तसं ते आमच्या तराजूत येत राहिलं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ही पोती बघून जीव तुटायचा. एकदा धीर करून मामंजींना म्हटलं, हा डबा नका घालू, मी ठेवते. ते म्हणाले, "ठेव की. पण मोडीच्या भावानं पैसे गल्ल्यात टाक." तसे टाकले. जुन्या डब्या-पेट्या विकण्याच्या आमच्या धंद्याची पहिली खरेदी ही अशी घरातच झाली, आणि तिचा भाव किलोवर ठरला होता.

सुरुवातीला पितळच होतं. मग लाकूड यायला लागलं, आणि माझा जीव खरा त्यात अडकला. फणेरपेटी तुम्ही पाहिली असेल. शिसवाची, वीत-दीड वीत लांब, झाकणाला पितळी कडी-कोयंडा. झाकण उघडलं की आतला आरसा उभा राहतो. खाली लहान-लहान खण: एकात फणी, एकात मेण, एकात कुंकू. आधी मेणाचं बोट कपाळावर टेकवायचं आणि त्यावर कुंकू लावायचं, ही जुनी रीत. त्यामुळे मेणाचा खण काळसर तुकतुकीत झालेला असतो आणि कुंकवाचा खण कितीही पुसला तरी लालच राहतो. आरशाचा पारा कडेनं उडालेला असतो. काही गिऱ्हाइकं म्हणतात, तो लाल डाग घासून द्या, आरसा नवा बसवा. आम्ही देत नाही. कुणीतरी बाई रोज सकाळी त्या पेटीसमोर बसत होती, याची तेवढीच खूण उरलेली असते. ती घासून टाकली तर उरतं ते नुसतं लाकूड, आणि लाकूड वखारीत हवं तेवढं मिळतं.

दुसरा आमचा आवडता माल म्हणजे मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, मुनीमजींच्या पेट्या. उतरत्या झाकणाची पेटी, मुनीमजी मांडी घालून तिच्यावर खतावणी लिहायचे, आणि आत गल्ला. बऱ्याच पेट्यांत चोरकप्पा निघतो. एका पेटीच्या कप्प्यात आम्हाला निजामाच्या राज्यातली हाली शिक्क्याची नाणी सापडली. ती ज्यांची पेटी होती त्यांना परत नेऊन दिली.

बिदरीचं, म्हणजे बीदरच्या नक्षीदार धातुकामाचं, मात्र वेगळंच आहे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे इकडच्या जुन्या घरांत बिदरीचे पानदान आणि अत्तराच्या डब्या निघतात. मूळ धातू जस्ताचा, त्यात थोडं तांबं. त्यावर कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात डबी घातली की जस्त काळंभोर होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. घरात पितळेसारखं चिंच लावून हे घासलं की ती काळी झळाळी उतरते. हात जोडून सांगते, बिदरीला चिंच-लिंबू लावू नका. खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा आणि कोरड्या फडक्यानं पुसा, बस्स.

दुरुस्ती आम्ही कमीत कमी करतो. औशाकडचे एक सुतारकाका आहेत, त्यांचा नियम असा की जुना सांधा हलत असेल तर आवळायचा, बदलायचा नाही. बिजागरी गेलीच असेल तर दुसरी बसवतात, आणि ती नवी आहे असं आम्ही पावतीवर लिहून देतो. लाकडाला जवसाचं तेल आणि मेण, त्यावर पॉलिश नाही. (तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. आमच्याकडे ते दोरीवर पसरतात.) पानाच्या डब्याला आतून कल्हई करून घेतो. आता कल्हईवाले शोधावे लागतात, याचं वाईट वाटतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आवळतं, तीच पेटी मुंबईला गेली की पावसाळ्यात फुगते आणि झाकण अडकतं. म्हणून तिकडे जाणाऱ्या पेटीचं झाकण आम्ही घट्ट बसवत नाही.

विक्री आधी ओळखीपाळखीत होती, मग पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत, आणि आता बरीचशी फोनवर फोटो पाठवून होते. मध्यंतरी सजावटीचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानानं नव्या पेट्या जुन्यासारख्या करून मागितल्या होत्या: ॲसिड लावून काळवंडलेलं पितळ, साखळीनं ठोकून पोचे पाडलेलं लाकूड. काम बारमाही होतं, पैसाही चांगला होता. आम्ही नाही म्हटलं. वय हीच आमची विक्रीची गोष्ट आहे, तिथं खोटं आलं की पुढं काहीच खरं राहत नाही.

वयाचं म्हणाल तर एक कायदाही सांभाळावा लागतो. पुरातन वस्तूंच्या १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. आमच्याकडे परवाना नाही, म्हणून तसली वस्तू आम्ही घेत नाही. मालकाला सांगतो, घरातच जपा.

मग वय ओळखायचं कसं? आडवी एकच खाच असलेल्या स्क्रूऐवजी अधिकच्या चिन्हासारखी खाच दिसली तर तो स्क्रू १९३०च्या दशकाच्या आधीचा नक्कीच नाही. पेटी जुनी आणि स्क्रू नवा असंही असतं, तेव्हा एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. पितळेवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव आणि साल टाकलेलं असेल तर काम सोपं. ते साल शकाचं असेल तर इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवायचे. निजामाच्या राज्यातल्या डब्यांवर पुष्कळदा फसली, म्हणजे तिथलं महसुली, साल असतं, कधी उर्दू आकड्यांत. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९० आणि पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवायचे. फसली १३४६ म्हणजे १९३६-३७.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल आणि अक्षरं लागत नसतील तर दुकानात घेऊन या. विकायचा नसला तरी चालेल. साल वाचून देतो, त्याचे पैसे घेत नाही.