जर्मनीतला हीट पंप: बिल ठरतं पाण्याच्या तापमानावर

जर्मनीत घराचा गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवला म्हटलं की भारतातून पहिला प्रश्न येतो, "उणे दहात चालतो का?" चालतो. इन्व्हर्टर एसी उलटा फिरवला की हेच यंत्र: बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढायची आणि घरातल्या पाण्यात सोडायची. वीज किती खातो, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर ब्रँडपेक्षा रेडिएटरकडे, म्हणजे खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या पॅनेलकडे, जाणाऱ्या पाण्याच्या तापमानात जास्त आहे. ते एक अंश उतरवलं की साधारण २ ते २.५ टक्के वीज वाचते.

पाणी किती गरम करायचं ते पंपाच्या कंट्रोलमधली एक सेटिंग, हीटिंग कर्व्ह, ठरवते. बाहेर थंडी वाढेल तसं पाणी अधिक गरम. बसवणारे हा कर्व्ह हमखास चढा ठेवून जातात. घर गार पडलं तर गिऱ्हाईकाचा फोन येतो, बिल जास्त आलं तर येत नाही, एवढं साधं कारण.

कर्व्ह उतरवायला शून्याच्या आसपासचा ढगाळ दिवस निवडा, कारण ऊन आत आलं की अंदाज चुकतो. राहत्या खोल्यांतल्या रेडिएटरचे थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी कमी-जास्त करणारे व्हॉल्व्ह, पूर्ण उघडा. मग कर्व्हचा उतार (स्लोप) ०.१ ने कमी करा आणि एक दिवस थांबा. फ्लोअर हीटिंग, म्हणजे फरशीखालून फिरणारं गरम पाणी, असेल तर दोन. सगळ्यात गार खोली २० अंशांखाली गेली की एक पायरी मागे या. फक्त कडाक्याच्या थंडीत कमी पडत असेल तर उतार वाढवा. १० अंशांच्या सौम्य दिवशीही गार वाटत असेल तर अख्खा कर्व्ह वर सरकवा. जी खोली जास्त तापते, तिच्या रेडिएटरच्या खालचा परतीचा व्हॉल्व्ह थोडा आवळा. सरकारी बँक केएफडब्ल्यूचं अनुदान घेताना या हायड्रॉलिक बॅलन्सिंगचा, म्हणजे पाणी सगळ्या खोल्यांत नीट वाटून दिल्याचा, दाखला लागतो. दाखला असला म्हणजे काम नीट झालंच आहे असं नाही.

बहुतेक घरांत गार राहणारी एकच खोली, बऱ्याचदा बाथरूम, अख्ख्या घरासाठी पाण्याचं तापमान वर ठेवायला लावते. ७५/६५ अंशांवर (येणारं पाणी/परतीचं पाणी) मोजलेला रेडिएटर ५५/४५ वर जेमतेम निम्मी उष्णता देतो. अशा वेळी त्या एकाच जागी एका पॅनेलचा टाइप ११ रेडिएटर काढून तेवढ्याच मापाचा दोन पॅनेलचा टाइप २२ लावा. पावणेदोन पटीच्या आसपास उष्णता मिळते.

थर्मोस्टॅट बंद ठेवून बचत करायची गॅसच्या काळातली सवय इथे उलटते. पाण्याचा प्रवाह घटतो, कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी चालू-बंद होतो, आणि बाहेरच्या युनिटवरचा बर्फ वितळवायला लागणारी उष्णता पाण्यातून मिळत नाही. रात्री तापमान फार उतरवलं तर पहाटे, ऐन थंडीत, यंत्राला जोर लावावा लागतो.

गरजेपेक्षा मोठं यंत्र घेतलं तरी कॉम्प्रेसर असाच चालू-बंद होत राहतो. वर्षाला १८,००० युनिट गॅस जळत असेल तर धुराड्यातून जाणारे १५ टक्के वजा करा आणि २,००० तासांनी (वर्षभरात यंत्र पूर्ण क्षमतेने चालतं असे धरलेले तास) भागा: ७.६५ किलोवॅट. कोटेशनमध्ये १४ किलोवॅट दिसलं तर हिशेब मागा.

आणि पंपाच्या मेनूमध्ये, पंप कमी पडला की मदतीला येणाऱ्या इलेक्ट्रिक हीटिंग रॉडचे तास बघा. एक युनिट वीज घेऊन तो एकच युनिट उष्णता देतो, पंप तीन-चार देतो. सौम्य हवेतही तास वाढत असतील तर रॉड कोणत्या तापमानाला चालू होतो ते सेटिंग आधी तपासा, मग पाण्याच्या लाइनमधली जाळी उघडून साफ करा. जुन्या पाइपांतला काळा गाळ तिथेच अडकतो.