तुम्ही विचारलंत म्हणून : वर्गातली माणसे खरोखर बदलतात का?

आमच्या दहावीच्या वर्गाचे पत्ते आणि फोन नंबर सांभाळण्याचे काम कोणी न सांगता माझ्याकडे आले आणि माझ्याकडेच राहिले. त्यामुळे कोणाला कोणाची आठवण झाली की पहिला फोन मला येतो, आणि नंबर लिहून घेऊन झाला की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "अगं, शाळेत तो असा नव्हता. इतका कसा बदलला?" कधी हा प्रश्न तक्रारीच्या सुरात येतो, कधी कौतुकाच्या. अलीकडे वर्गमित्रांची मुलेही विचारू लागली आहेत, "मावशी, बाबा शाळेत खरंच एवढे गप्प होते का हो?" फोनवर मी एकदोन वाक्यांत वेळ मारून नेते. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून या वेळी नीट लिहिते.

माझे मत थोडक्यात असे आहे की वर्गाने आपल्यापैकी प्रत्येकाला एकेक काम वाटून दिले होते, ते काम आपण वर्षानुवर्षे निमूटपणे केले आणि इतरांनी त्यालाच आपला स्वभाव मानले. शाळा सुटली तसे ते काम सुटले. राहिलेला माणूस ज्यांना नवा वाटतो, त्यांनी त्याला वर्गात पाहिले होते. ज्यांना तो नवा वाटत नाही, ते त्याचे मित्र होते. मैत्रीचा आणि स्वभावाचा संबंध मला तरी इथेच दिसतो.

ही वाटणी कशी होते ते पाहण्यासारखे असते. वर्ष सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच वर्गात हुशार कोण, विनोदी कोण, भांडखोर कोण, कोणाला लगेच रडू येते आणि कोणाकडे खोडरबर हमखास मिळते, हे ठरून जाते. एकदा जागा भरली की ती दुसऱ्याला सहसा मिळत नाही. एका वर्गात दोन विदूषक चालत नाहीत. दुसऱ्याला मुकाट्याने प्रेक्षकांत बसावे लागते. नववीत आमच्याकडे दुसऱ्या तुकडीतून एक मुलगा आला. तिकडे त्याची ख्याती उपद्व्यापी म्हणून होती आणि शिक्षकांनी आम्हाला तशी कल्पनाही देऊन ठेवली होती. परंतु आमच्या वर्गात उपद्व्यापांचे खाते आधीच दोघांनी व्यापलेले होते. महिनाभर त्याने चाचपडून पाहिले आणि मग तो भूगोलाचे नकाशे काढू लागला. ते इतके सुबक असत की वर्षअखेरीस निम्म्या वर्गाच्या वह्यांत त्याच्या हातचे नकाशे होते. त्याच्या जुन्या तुकडीतल्या मुलांना हे कधीच खरे वाटले नाही.

मी वर्गाची मॉनिटर होते. तास रिकामा असला की फळ्याच्या कोपऱ्यात बडबड करणाऱ्यांची नावे लिहिणे हे माझे काम, आणि 'शिस्तीची' ही माझी ओळख. वास्तविक कोणी मोठ्याने बोलले की मला धडकी भरत असे आणि हातात खडू असला की ती कमी होई, एवढेच त्या शिस्तीमागचे कारण होते. हे वर्गात एकाच मुलीला ठाऊक होते. ती माझ्याच बाकावर बसायची आणि मी फळ्याकडे निघाले की माझ्या वहीवर स्वतःची वही ठेवायची, म्हणजे परत आल्यावर माझा थरथरणारा हात पानाऐवजी तिच्या वहीवर टेकेल आणि माझे अक्षर बिघडणार नाही.

आता ज्याच्याबद्दल मला सर्वांत जास्त विचारले जाते, त्या आमच्या विनोदवीराविषयी. आज तो हिशेबतपासणीचे काम करतो, मोजके बोलतो आणि स्नेहमेळाव्यात एका कडेला बसतो. त्यामुळे लोक हिरमुसतात, काहींना तर तो गर्विष्ठ झाल्यासारखा वाटतो. पण त्याचे विनोद नेमके केव्हा येत असत, हे आठवून पाहा. एकदा बीजगणिताच्या तासाला एक मुलगी फळ्यापाशी उभी होती. उदाहरण दुसऱ्या पायरीवर अडले होते, सर शांतपणे वाट पाहत होते, आणि त्या शांततेत तिची मान हळूहळू खाली जात होती. तेवढ्यात मागून पत्र्याची कंपासपेटी फरशीवर आपटली. कर्कटक, कोनमापक, गुण्या, सगळे चहूकडे उडाले. "सर, नव्वद अंशाचा कोन हरवला," असे म्हणत तो बाकाखाली शिरला, वर्ग खदखदून हसला, सरांनी त्याला बाहेर काढले आणि या गडबडीत ती मुलगी जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी आम्हाला तो विनोद आठवत राहिला. बाहेर जाताना त्याने तिच्याकडे एकदाही पाहिले नाही, हे मला पुष्कळ नंतर त्याच्या मित्राने सांगितले.

तो मित्र म्हणजे वर्गातला सर्वांत अबोल मुलगा. दोघे रोज बरोबर घरी जात. आम्हाला वाटे, एक बोलत असेल आणि दुसरा ऐकत असेल. प्रत्यक्षात वाटेत दोघेही फारसे बोलत नसत, आणि बोललेच तर जास्त बोलणारा तो अबोल असे. त्याला विमानांच्या इंजिनांचे वेड होते आणि त्याचे ते लांबलचक विवेचन ऐकून घेणारा पहिला माणूस म्हणजे आमचा विनोदवीर. या मित्राने मला "तो इतका कसा बदलला" असे आजवर विचारलेले नाही. विचारण्यासारखे त्याला काही दिसलेच नसावे.

स्वभाव आणि काळ यांविषयी केवळ आठवणींवर विसंबून राहू नये, म्हणून एका अभ्यासाचा दाखला देते. स्कॉटलंडमध्ये १९५० च्या सुमारास शिक्षकांनी १४ वर्षांच्या १,२०८ मुलामुलींचे सहा गुणांवर मूल्यमापन केले होते : आत्मविश्वास, चिकाटी, मनःस्थितीचे स्थैर्य, कर्तव्यदक्षता, स्वतंत्र कल्पकता आणि शिकण्याची ओढ. सहा दशकांनंतर, २०१२ मध्ये, त्यांच्यापैकी १७४ जण पुन्हा अभ्यासात सहभागी झाले. तेव्हा त्यांचे वय सुमारे ७७ होते. या वेळी त्यांनी स्वतःचे मूल्यमापन केले आणि त्यांना चांगले ओळखणाऱ्या एकेका व्यक्तीनेही त्यांचे केले. दोन्ही वयांतल्या नोंदींचा मेळ फारच कमी बसला. मनःस्थितीचे स्थैर्य आणि कर्तव्यदक्षता यांबाबत तेवढा काही धागा सापडला. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा माणूस आयुष्यभरात पार बदलतो, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. तो अर्थ चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण सहा दशकांत माणूस बदलणारच. पण १४ व्या वर्षीची नोंद शिक्षकांची होती आणि ७७ व्या वर्षीची स्वतःची व जवळच्या माणसाची, हा फरक मला दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही. त्या १,२०८ मुलांच्या शेजारी बसणाऱ्यांना तेव्हा कोणी विचारले असते, तर काय नोंद झाली असती, याचे मला कुतूहल आहे.

शेजारी बसणे या गोष्टीला मी इतके महत्त्व देते याचे कारण असे की शाळेतली मैत्री सुरू होते तीच मुळी बाकामुळे. आपण मित्र निवडले, असे आपल्याला उगाच वाटते. मॅडी सीगल यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतील पोलीस प्रशिक्षणार्थींवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथे आसने आणि खोल्या आडनावांच्या आद्याक्षरांप्रमाणे दिलेल्या होत्या, आणि जवळचे मित्र कोण असे विचारल्यावर बहुतेकांनी वर्णमालेत आपल्या आसपास येणाऱ्यांचीच नावे दिली. वयाने वाढलेल्या माणसांची ही गत, तर हजेरीपटाच्या किंवा उंचीच्या क्रमाने बसवलेल्या मुलांचे काय सांगावे? अर्थात बाक फक्त ओळख करून देतो. त्याच बाकावर वर्षभर बसून एकमेकांच्या कोपरांच्या हद्दीवरून भांडणाऱ्या जोड्याही मी पुष्कळ पाहिल्या आहेत. बाकावरचा शेजारी मित्र होतो तो बहुधा त्याच्यासमोर आपले नेमून दिलेले काम करावे लागत नाही म्हणून.

आमच्या वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीची जवळची मैत्रीण गणितात नापास होणारी होती. या जोडीबद्दल वर्गाचे दोन तर्क होते : एकीला अभ्यासात मदत मिळते किंवा दुसरीला आपल्या हुशारीचे समाधान मिळते. दोन्ही तर्क हुशार मुलीच्या गुणांभोवतीच फिरत, कारण तिच्याकडे गुणांपलीकडे काही असेल असे आम्हाला सुचलेच नव्हते. त्या दोघी मधल्या सुट्टीत जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर न संपणारी चित्रकथा काढत. पात्रे एकीची, संवाद दुसरीचे; आणि संवाद लिहिणारी होती ती गणितात नापास होणारी. पहिली येणारी मुलगी दिवसभरात फक्त त्या वेळात कोणाच्याही पुढे नसे. आज ती नोकरी सोडून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते तेव्हा "एवढी हुशार मुलगी, वाया गेली" असे म्हणणारे फोन मला येतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त फोन लवकर ठेवते.

लोकप्रिय मुलांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, कारण ज्यांच्या 'बदलण्या'ची सर्वाधिक चर्चा होते ते हेच. सगळ्या वर्गाला हवाहवासा असणारा मुलगा पुढे एकटा पडलेला दिसला की आपण चकित होतो. अमेरिकेत १६९ मुलामुलींचा त्यांच्या १५ व्या वर्षापासून २५ व्या वर्षापर्यंत मागोवा घेण्यात आला. पौगंडावस्थेत ज्यांची एखादी मैत्री सखोल होती, त्यांच्यात पुढे चारचौघांत वावरण्याची भीती कमी आणि स्वतःबद्दलचा आदर अधिक आढळला. उलट जे केवळ सर्वांना हवेसे होते, त्यांच्यात ही भीती जास्त आढळली. मला हे पटते. सर्वांना आवडत राहणे हे वर्गातल्या कामांपैकी सर्वांत दमवणारे काम असावे, कारण त्याला मधली सुट्टी नसते. जाता जाता आणखी एक सांगते : आपल्यापेक्षा इतरांनाच मित्र जास्त होते, असे वर्गातल्या बहुतेकांना वाटते, आणि ते केवळ मनाचे खेळ नसतात. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की ज्यांना पुष्कळ मित्र असतात ते पुष्कळांच्या यादीत येतात, म्हणून सरासरीने आपल्या मित्रांचे मित्र आपल्या मित्रांहून अधिकच भरतात. दहावीत हे कोणी समजावले असते तर काही जणांच्या कितीतरी उदास संध्याकाळी वाचल्या असत्या.

मैत्री तुटते कशी, हे विचारणारे फोन कमी येतात, पण ते जास्त वेळ चालतात. "आमच्यात भांडण तर काहीच झालं नव्हतं," हे वाक्य त्यात असतेच. भांडण लागत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सातवीत जुळलेल्या ५७३ परस्पर मैत्रींचा बारावीपर्यंत पाठपुरावा केला होता. त्यांतली शंभरातली जेमतेम एक मैत्री शेवटपर्यंत टिकली. मैत्री तुटण्याचा संबंध दोघांपैकी कोणा एकाच्या स्वभावाशी लागला नाही. तो लागला दोघांमधल्या अंतराशी, म्हणजे अभ्यासातली गती, दांडगाई आणि वर्गातली पत यांत किती तफावत आहे याच्याशी. थोडक्यात, वाईट मुलाची मैत्री तुटते आणि चांगल्याची टिकते, असे काही घडत नाही. वर्गाने दोघांना दिलेली कामे फार दूरदूरची असतील, तर त्यांना एकत्र राहण्याचे रोज स्पष्टीकरण द्यावे लागते, आणि तेराचौदाव्या वर्षी तेवढी ताकद थोड्यांच्यात असते. माझा आक्षेप एवढाच की अशा अभ्यासांत दोघांनी एकमेकांची नावे लिहिणे थांबवले की मैत्री संपल्याची नोंद होते. आमच्या चित्रकथावाल्या दोघी कॉलेजच्या काळात एकमेकींना एकदाही भेटल्या नव्हत्या, पण म्हणून त्यांची मैत्री संपली होती असे मी म्हणणार नाही.

माझ्या म्हणण्याला अपवाद आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काही जण वर्गात जसे होते तसेच आजही आहेत. उसनी दिलेली पेन्सिल परत घेताना लांबी मोजून पाहणारा एक जण होता; सामायिक खर्चाचा त्याचा आजचा हिशेब पाहिला की काळ पुढे सरकलाच नाही असे वाटते. दुसऱ्याच्या रडण्याची नक्कल करून हसे मिळवणारा एक होता, आणि मेळाव्यात तो अजूनही तेच करतो. असे स्वभाव वर्गाने वाटून दिलेले नव्हते. त्यांच्याबद्दल "कसा बदलला" असे कोणी विचारत नाही आणि त्यांचे नंबरही क्वचितच मागितले जातात.

राहता राहिला तो मुलांचा प्रश्न, बाबा शाळेत खरेच कसे होते? याचे उत्तर देण्यास मी योग्य व्यक्ती नाही. मी त्यांचे नाव फळ्यावर किती वेळा लिहिले, एवढेच मला सांगता येईल, आणि ते मी सांगतेही, कारण मुलांना ते फार आवडते. त्यानंतर मी त्यांना बाबांच्या शेजारी कोण बसत असे ते सांगते. त्या काकांना किंवा मावशींना आधी विचारून मगच नंबर देते. विनोदवीराच्या मुलीला मी असाच विमानांच्या इंजिनांवर बोलणाऱ्या काकांचा नंबर दिला. ती दोघे पहिल्याच दिवशी तासभर बोलत होती आणि दुसऱ्या दिवशी तिने मला फोन करून विचारले की बीजगणिताच्या तासाला फळ्यापाशी उभी राहिलेली ती मुलगी कोण होती. तिचाही नंबर माझ्याकडे आहे.