ठिबकच्या कामासाठी तयार केलेला नमुन्यांचा संच

जळगाव जिल्ह्यात ठिबक सिंचनाचे संच बसवून देण्याचे काम मी अकरा वर्षांपासून करतो आहे. त्यांपैकी पहिली सात वर्षे माझी पद्धत एकच होती: मागच्या शेतकऱ्याची फाइल उघडायची, नाव आणि गट नंबर बदलायचा आणि तीच पुढे चालवायची. या पद्धतीत एका शेताचे आकडे दुसऱ्या शेताच्या यादीत राहून जातात. एकदा केळीच्या बागेसाठी ७५ मिलिमीटरचा पाइप हवा असताना जुन्या यादीतला ६३ मिलिमीटरचा पाइप बांधावर उतरला, चारी खोदून तयार होती आणि मजूर बसून राहिले. त्या दिवशी मी ठरवले, की झालेल्या कामाची नक्कल पुढच्या कामाला वापरायची नाही. त्यासाठी रिकामा आणि विचारपूर्वक आखलेला नमुनाच हवा.

नमुना म्हणजे काय, हे सातबारा हाताळणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गाव नमुना सातवर भोगवटादाराचे नाव कुठे असते आणि गाव नमुना बारावर पिकांची नोंद कुठे शोधायची, हे गाव बदलले, तलाठी बदलला, तरी बदलत नाही. माझ्या कामाचा कागदही असाच असावा, म्हणजे मी आजारी असलो तरी दुसऱ्या सहकाऱ्याला तो उघडून काम कुठवर आले आहे हे कळावे, एवढीच माझी अपेक्षा होती.

सर्वांत जास्त वेळ पाहणीच्या नमुन्याने घेतला. सुरुवातीला त्यात क्षेत्र, पीक, दोन रोपांमधील अंतर, विहिरीची खोली आणि पंपाची अश्वशक्ती एवढेच रकाने होते. मग यावल तालुक्यातील एका शेतावर संपूर्ण संच जोडून आम्ही चाचणीला उभे राहिलो, तेव्हा समजले, की त्या आठवड्यात शेतीच्या वाहिनीला थ्री फेज वीज रात्रीची होती. चार माणसांचा दिवस वाया गेला. चूक माझी होती, कारण तो प्रश्न मी विचारलाच नव्हता. आता ‘चाचणीच्या आठवड्यात वीज दिवसाची की रात्रीची?’ हा रकाना पहिल्याच पानावर आहे आणि त्याखाली बारीक अक्षरांत तो का घातला याचे कारणही लिहिले आहे. कारण लिहिण्याची ही सवय मला फार मोलाची वाटते. ज्या रकान्याचे कारण कुणालाच माहीत नसते, तो रकाना लोक काहीतरी लिहून मोकळा करतात.

चाचणीच्या नमुन्यातही असाच बदल करावा लागला. ‘दाब योग्य आहे का?’ या प्रश्नापुढे प्रत्येक जण ‘होय’ लिहीत असे. आता तिथे सबमेनच्या (शेताच्या एका भागाला पाणी देणाऱ्या पाइपच्या) शेवटच्या लॅटरलवरील, म्हणजे रोपांच्या ओळीतल्या बारीक नळीवरील, टोकाच्या ड्रीपरखाली मोजपात्र धरून तीन मिनिटांत किती पाणी जमले, ते मिलिलिटरमध्ये लिहायचे असते. ताशी चार लिटरचा ड्रीपर असेल, तर २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी जमायला हवे. १५० भरले, तर फिल्टर, व्हॉल्व्ह किंवा गळती तपासल्याशिवाय सही करायची नाही.

जबाबदारीच्या तक्त्यात मी माणसांची नावे लिहीत असे. माणूस सोडून गेला, की तक्ता निरुपयोगी होई. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या जुन्या रीतीत, पाणी वाटणाऱ्याला पाटकरी म्हणतात. त्या जागी कोणीही आला तरी त्याचे काम ठरलेले असते आणि गावाला ते ठाऊक असते. मीही मग नमुन्यात ‘आखणी करणारा’, ‘सामान मोजून घेणारा’, ‘चाचणी घेणारा’ अशी कामांची नावे ठेवली आणि माणसाचे नाव प्रत्येक शेताच्या प्रतीत नव्याने लिहू लागलो.

हस्तांतराच्या नमुन्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. संच चालवायला आम्ही शिकवतो मालकाला किंवा सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, आणि सालदाराचे साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) संपते. नवा सालदार येतो, त्याला कोणता व्हॉल्व्ह आधी उघडायचा हे माहीत नसते, आणि वाळूचा सँड फिल्टर उलट दिशेने पाणी सोडून धुण्याचे तर कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून हस्तांतराचे पान आता शिकवणीला हजर नसलेल्या माणसासाठी लिहिलेले आहे: व्हॉल्व्हचे क्रमांक, प्रत्येक भागाची वेळ, फिल्टर धुण्याचे चित्र. त्याची प्लास्टिक चढवलेली प्रत फिल्टरजवळ तारेने बांधून ठेवतो.

वेळापत्रकाच्या नमुन्यात कानबाई, पोळा, दिवाळी, आखाजी आणि कापूस वेचणीचे आठवडे आधीच रंगवलेले असतात, कारण त्या दिवसांत चारी खोदायला माणूस मिळत नाही. मूळ नमुने एका वेगळ्या फोल्डरमध्ये फक्त वाचण्यासाठी ठेवले आहेत. कामाला त्यांची प्रत घ्यायची, आणि बदल सुचला तर तो मूळ नमुन्यात मी स्वतः करून नावापुढे वर्ष आणि क्रमांक लिहायचा. सर्व नमुने युनिकोडमध्ये आहेत, कारण जुन्या फॉन्टमधल्या याद्या मजूरप्रमुखाच्या मोबाइलवर उघडल्या, की अक्षरांऐवजी चिन्हांचा ढीग दिसे.

एका टप्प्यावर नमुन्यांची संख्या १९ झाली होती. त्यांतला साप्ताहिक प्रगती अहवाल सलग दोन हंगाम कुणीही पूर्ण भरला नव्हता, म्हणून तो काढून टाकला. त्यातला ‘काम कशामुळे अडले आहे?’ हा एकच प्रश्न वेळापत्रकाच्या तळाशी नेला. अशी छाटणी करत आज सात नमुने उरले आहेत. उरलेल्या सामानाच्या परतीचा नमुना मात्र अजून जमलेला नाही: लॅटरलची अर्धी गुंडाळी मीटरमध्ये मोजावी की वजनात, यावर आमचे एकमत होत नाही, आणि येत्या मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीच्या लागवडीत पाच शेतांवर दोन्ही पद्धतींनी मोजून पाहायचे ठरले आहे.