तुम्ही विचारलंत म्हणून: या युद्धात मी कुणाच्या बाजूची?

"तुम्ही ख्रिश्चन ना? म्हणजे इस्रायलच्याच बाजूने असणार." ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर हे मी बँकेत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, मांडव्याच्या लाँचवरही. गाझाबद्दल बोलले की पुढचा प्रश्न ठरलेला: "स्वतःच्या धर्माविरुद्ध बोलता?"

माझ्या धर्माची माणसं गाझातही आहेत, येशू जन्मला त्या बेथलेहेमातही आहेत, आणि ती अरबी बोलतात. १९ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या संत पॉर्फिरियस चर्चच्या आवारात आसऱ्याला आलेली माणसं हल्ल्यात मेली. तेव्हा विचारपूस करायला हे विचारणाऱ्यांपैकी कुणी आलं नव्हतं. हे मी चिडूनच लिहितेय.

पण मी राहते अलिबागला, इस्रायल आळीच्या, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंच्या वस्तीच्या शेजारी. तिथल्या मावशीच्या मांडीवर मी वाढले. तिचा नातू इस्रायलमध्ये अश्दोदला असतो.

गेल्या वर्षी १६ जुलैला, कार्मेल मातेच्या सणाला, मी माहेरी कोर्लईला होते. दुसऱ्याच दिवशी, १७ जुलै २०२५ ला, गाझातल्या पवित्र कुटुंबाच्या चर्चवर तोफगोळा पडला. तिघं गेली. पोप फ्रान्सिस मरेपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी याच चर्चला फोन करायचे. त्या आठवड्यात मावशीकडे मलिदा होता, त्यांचा नवस फेडायचा विधी. नातू लष्करी ड्युटीवरून धड घरी परतला म्हणून एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला बोललेला नवस. भिजवलेल्या पोह्यांत साखर कालवत होती ती, नारळ मी खवत होते. एलिया आमच्याही बायबलात आहे आणि त्याचा डोंगर कार्मेलच, म्हणून तिच्या मलिद्याला मला कधी परकं वाटलं नाही.

मी म्हटलं, रविवारी चर्चमध्ये मिस्सेत गाझासाठी प्रार्थना मी वाचणार आहे.

"आमच्या पोराचं नाव घेशील?"

"घेईन. त्याने ज्यांच्यावर बंदूक रोखली, त्यांच्यासाठीही मागेन."

तिचे हात पोह्यांतच थांबले. "त्याने काय बघितलंय तुला ठाऊक आहे? त्याच्या मित्राला घरातून ओढून नेलं. तुझ्या घरातलं कोण आहे फौजेत?"

कुणी नाही. नारळ तसाच ठेवून मी उठले. एरवी मलिद्याचं ताट ती स्वतः आणते. त्या दिवशी सुनेच्या हाती आलं.

रविवारी मी दोन्ही वाचलं. पूर्वी मी ठासून सांगायचे की प्रार्थनेला बाजू नसते. आता तसं म्हणवत नाही. भुकेल्या मुलांवर बॉम्ब टाकणं पाप आहे, आणि ते करणाऱ्या सरकारचं नाव न घेता केलेली प्रार्थना मला भित्री वाटते. संगीत महोत्सवाच्या गर्दीत पोरांना मारणं, म्हाताऱ्यांना ओलीस नेणं हेही पापच, आणि त्याचा उल्लेख मी मावशीसमोर आधी करायला हवा होता का, यावर मी अजून स्वतःशी भांडते. कधी वाटतं, हो. कधी वाटतं, प्रत्येक वेळी आधी तेच म्हणायला लावून गाझाचं नाव मागे ढकललं जातं.

मावशी बोलते माझ्याशी. युद्ध सोडून.

तेव्हा परत विचारायचं असेल तर जरूर विचारा, फक्त "तुम्ही ख्रिश्चन ना" तेवढं आधी लावू नका.