गाडीत पेट्रोलचा वास येतोय? डॅशबोर्डवरचा दिवा लागायची वाट बघू नका

आमच्या सांगलीत एप्रिल-मेच्या उन्हात गाडी उभी केली की टाकीतलं पेट्रोल दिवसभर वाफ सोडत असतं. ती वाफ बाहेर जाऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत कोळशाचा एक डबा असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात. काही गाड्यांत तो बॉनेटखाली असतो, काहींत मागं टाकीजवळ. टाकीतली वाफ पाइपातनं तिथं येते, आतला कार्बन ती धरून ठेवतो आणि गाडी चालू असताना कॅनिस्टर आणि इंजिनमधली झडप, म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह, उघडला की इंजिन ती ओढून जाळून टाकतं. यातलं एक रबर जरी चिरलं तरी वास सुरू.

हे मी एवढं का लिहितोय, तर लोक वासाला फार हलक्यात घेतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद शेडमध्ये ती खाली फरशीलगत साठून राहते आणि एक ठिणगी पुरते. शिवाय पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकतं, त्यानं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. आणि मागच्या सीटवर पोरं बसलेली असतात.

आता मुद्दा असा की यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून आपली लोकं स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र, मागवतात आणि वाफेच्या गळतीचे पी०४४२, पी०४५५ असले कोड शोधत बसतात. तिकडं १९९६ पासून गाडीनं स्वतःच गळती तपासायची असा नियम आहे, १ मिलिमीटरचं भोक असलं तरी चेक इंजिनचा दिवा लागतो. आपले नियम युरोपच्या वळणानं आलेत, त्यात ही तपासणी सक्तीची नाही, त्यामुळं इथल्या बऱ्याच गाड्यांत पर्ज व्हॉल्व्हची वायर तुटली तर कोड येईल पण पाइप फाटला तर काहीही दिसणार नाही. म्हणजे इथं नाक हाच सेन्सर, आणि "वास कधी येतो" हा पहिला प्रश्न.

आमच्या दाजींच्या गाडीचंच सांगतो. टाकी फुल्ल केली की वास, अर्ध्यावर आली की कमी, आणि दुपारी शेडमध्ये गाडी उभी असली की सगळ्यात जास्त. एका गॅरेजनं सरळ टाकी बदला म्हणून सांगितलं, दाजी तयार पण झाले होते. मी म्हटलं दाजी थांबा, आधी मागची सीट काढून बघू. बऱ्याच गाड्यांत सीटखाली पत्र्याचं झाकण असतं आणि त्याखाली टाकीतल्या पेट्रोल पंपाची रिंग, तिथलं सील गेलं असेल तर वास थेट केबिनमध्ये येतो. तिथं सगळं कोरडं होतं. मग मिरजेच्या एका मिस्त्रींकडं गेलो, त्यांच्याकडं स्मोक मशीन आहे. अगदी कमी दाबानं, अर्ध्या पीएसआयच्या आसपास, धूर पाइपलाइनमध्ये सोडायचा आणि टॉर्च मारून बघत बसायचं. थोड्या वेळानं टाकीच्या वरच्या अंगाला, बाहेरनं अजिबात दिसणार नाही अशा जागी धुराची बारीक रेघ निघाली. उंदरानं वाफेचा पाइप कुरतडला होता! ऊसतोड झाली की शेतातले उंदीर वस्तीत शिरतात, आणि दाजींचं घर फडाला लागूनच आहे.

मशीन नसेल तर टायरच्या कंप्रेसरची हवा टाकीत सोडायचा नाद करू नका, त्या दाबानं चांगले जोड पण सुटतात आणि हवा-पेट्रोल वाफेचं मिश्रण म्हणजे स्फोटच. घरी बघण्यासारखं बरंच आहे. टाकीच्या झाकणाची रिंग कडक झालीय का, तडा गेलाय का बघा, नवीन झाकण घेताना त्याच गाडीचं घ्या कारण बऱ्याच झाकणांत आत छोटा व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय का बघा: थंड इंजिनवर तो काढून फुंकून बघायचा (कॅनिस्टरकडनं, तोंड थेट न लावता स्वच्छ नळी लावून), बहुतेक गाड्यांत करंट नसताना तो बंद असतो, फुंकर आरपार गेली तर गेलाच समजा. हे सगळं उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह काढून, आणि आसपास कुणी बिडी पेटवत नाही ना बघून.

दुरुस्तीत एक गोष्ट मला पटतच नाही, फाटलेल्या पाइपला एम-सील नाहीतर सिलिकॉन फासणं. पेट्रोलपुढं ते टिकत नाही. पाण्याची नळी कापून बसवणं तर त्याहून वाईट. पेट्रोलसाठीचाच पाइप घ्या, आणि आता सगळीकडं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय तर इथेनॉल चालणारा आहे ना हे दुकानात विचारून घ्या, जुन्या गाड्यांच्या रबरांना त्याचा त्रास होऊ शकतो. दाजींच्या गाडीला तसा पाइप आणि नव्या क्लिपा टाकल्या, पुन्हा धूर सोडून बघितला, वर जाळीचं कव्हर चढवलं.

आणि पंपावर दांडा आपोआप कट झाला की तिथंच थांबवायला सांगा. राउंड फिगर करायला वरनं अजून थोडं ढकललं तर पातळ पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये उतरतं, कोळसा भिजतो, आणि एकदा नीट भिजला की डबा बदलायची पाळी येते, तो काही स्वस्त नाही.